स्टेनलेस स्टीलच्या पृष्ठभागावरील निष्क्रियीकरणाचे गुणवत्ता मापन

प्रस्तावना :
औषधनिर्मितीतील शुद्ध पाण्याच्या नळ्या, दुग्धप्रक्रियेची भांडी व शस्त्रक्रियेची उपकरणे यांसाठी स्टेनलेस स्टील वापरले जाते. ते गंजत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याचे संरक्षण पृष्ठभागावरील केवळ काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियमयुक्त ऑक्साइडचा थर करीत असतो. हा थर डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे चकाकणारा पृष्ठभाग सुरक्षित असेलच असे नाही. थराच्या गुणवत्तेचे मापन म्हणूनच आवश्यक ठरते.

निष्क्रियीकरणाचे स्वरूप :
धातूच्या या अवस्थेस 'निष्क्रियता' ही संज्ञा १८३६ मध्ये शॉनबाइन यांनी दिली. पोलादात क्रोमियमचे प्रमाण सुमारे १०.५ टक्के वा अधिक असल्यास हवेतील ऑक्सिजनमुळे हा थर आपोआप तयार होतो. मात्र कापणे, घासणे, जोडकाम करणे या क्रियांत साध्या लोखंडाचे कण पृष्ठभागावर रुततात आणि तेथून गंजास प्रारंभ होतो. नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने हे मुक्त लोह विरघळवून थर पुन्हा निर्वेध वाढू देणे, म्हणजेच निष्क्रियीकरणाची प्रक्रिया होय.

रासायनिक चाचण्या :
एएसटीएम ए ९६७ या मानकात पुढील चाचण्यांचा समावेश आहे.
१) मोरचूद चाचणी : आम्लयुक्त कॉपर सल्फेटच्या द्रावणाने पृष्ठभाग सहा मिनिटे ओला ठेवतात. मुक्त लोह असल्यास तेथे तांब्याचा तांबूस लेप चढतो.
२) फेरीसायनाइड चाचणी : पोटॅशियम फेरीसायनाइड व नायट्रिक आम्लाच्या द्रावणाने ३० सेकंदांत निळा रंग आल्यास लोहाचे अस्तित्व सिद्ध होते. ही चाचणी अतिशय संवेदनशील आहे.
३) आर्द्रता व मीठ-फवारा चाचणी : दमट हवेत किंवा ५ टक्के मिठाच्या फवाऱ्यात नमुना ठेवून गंजाचे डाग तपासले जातात.
पहिल्या दोन चाचण्या अन्नप्रक्रियेच्या भांड्यांवर करू नयेत. तसेच त्या 'लोह आहे किंवा नाही' एवढेच सांगतात. चाचणीत उत्तीर्ण झालेला नमुना स्वच्छ आहे हे कळते. थर किती मजबूत आहे हे कळत नाही.

विद्युत-रासायनिक मापन :
थराचा प्रतिकार अंकांत मांडण्यासाठी नमुना क्लोराइडच्या द्रावणात ठेवून त्याचे विभव क्रमाने वाढविले जाते. ज्या विभवास प्रवाह एकाएकी वाढतो, तेथे थर फुटून खड्डे पडू लागतात. हे विभव जितके अधिक, तितका थर टिकाऊ. मात्र हे मूल्य क्लोराइडचे प्रमाण, तापमान व विभव वाढविण्याचा वेग यांवर अवलंबून असल्याने समान परिस्थितीतील मापनांचीच तुलना ग्राह्य धरावी.

पृष्ठभागाचे विश्लेषण :
क्ष-किरण प्रकाशइलेक्ट्रॉन वर्णपटमितीने थरातील मूलद्रव्यांचे प्रमाण मिळते. ३१६ एल या प्रकारच्या पोलादात क्रोमियम १६ ते १८ टक्के असते, म्हणजे लोहाच्या साधारण एक चतुर्थांश. उत्तम निष्क्रिय थरात मात्र क्रोमियमचे प्रमाण लोहापेक्षाही अधिक आढळते. आम्ल लोहास निवडून काढते, याचा हा थेट पुरावा होय. परंतु त्यासाठी लहान नमुना निर्वात कक्षात ठेवावा लागतो. उभ्या संयंत्रातील नळीची अशी परीक्षा शक्य नसते. म्हणून त्याच प्रक्रियेतून गेलेला नमुना-तुकडा तपासला जातो.

निष्कर्ष :
एकच चाचणी पुरेशी नाही. रासायनिक चाचणी स्वच्छता सांगते, विद्युत-रासायनिक मापन प्रतिकारशक्ती सांगते आणि पृष्ठभागाचे विश्लेषण त्यामागील कारण सांगते. त्यामुळे प्रमाणपत्रावर केवळ 'उत्तीर्ण' असा शेरा असल्यास कोणती चाचणी केली हे पाहणे अगत्याचे ठरते. अन्यथा स्वच्छतेचा पुरावा हाच टिकाऊपणाचा पुरावा मानला जाण्याचा धोका संभवतो.