साखर, मन आणि मेंदू : आईची साखर उत्तम, तरी आई विसरते

सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलं आणि ते बाजूला ठेववेना. आई अडुसष्ट वर्षांची, मधुमेह जुना, साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.९. म्हणजे उत्तमच. पण वर्षभरात तिनं भजनी मंडळ सोडलं, पहाटे तीनलाच जाग येते, आमटीत मीठ घातलं की नाही आठवत नाही. काही विचारलं की एकच उत्तर, ‘मला काही सुधरत नाही रे.’ हा डिमेन्शियाच ना, असा त्यांचा प्रश्न आहे.

पत्रावरून निदान करता येत नाही. पण मला विसरण्यापेक्षा भजन सुटल्याचं जास्त खटकलं. आवडीचं सुटणं ही नैराश्याची खूण असू शकते. नैराश्यात आधी लक्ष लागेनासं होतं आणि आठवण शोधून काढायची उभारीच राहत नाही. अशा माणसाला ‘परवा पुण्याहून कोण आलं होतं?’ एवढा धागा दिला तरी बरेचदा नाव सापडतं. अल्झायमरमध्ये धागा देऊनही सहसा सापडत नाही. शिवाय नैराश्यातला माणूस विसरतो म्हणून स्वतः कुरकुरतो, तर डिमेन्शियात तक्रार बहुधा घरचे घेऊन येतात.

पण ‘मनाचंच आहे, होईल बरं’ म्हणून स्वस्थ बसायचं नाही. अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ वेन केटन यांनी डेन्मार्कमधल्या पन्नाशीपुढच्या सुमारे २४ लाख लोकांच्या नोंदी तपासल्या. २०१५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा : दोन्ही आजार नसलेल्यांच्या तुलनेत डिमेन्शियाचा धोका नुसत्या मधुमेहात २० टक्क्यांनी, नुसत्या नैराश्यात ८३ टक्क्यांनी आणि दोन्ही असतील तर ११७ टक्क्यांनी जास्त. यातलं काही नैराश्य हीच डिमेन्शियाची पहिली चाहूल असू शकते, हेही खरं. तरीही मधुमेह आणि नैराश्य एकमेकांना खतपाणी घालतात. नैराश्यात अनेकांचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढं राहतं, त्यानं साखर वाढते, आणि आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस या कॉर्टिसॉलला फार हळवा असतो. वाढलेली साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब करते ती वेगळीच.

दुःखाचा आणि मधुमेहाचा संबंध जुन्या वैद्यांनाही दिसला होता. चरकसंहितेत वातज प्रमेहाच्या कारणांमध्ये उद्वेग आणि शोक आहेत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या टॉमस विलिसनं मधुमेहाचं खापर दीर्घ दुःखावर फोडलं. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, त्याला नाव याच विलिसचं आहे! एका माणसाच्या हाती हे तिन्ही धागे होते, याचं मला अजून नवल वाटतं.

आता पहाटेच्या जागेकडे वळू. नैराश्यात अशी जाग येतेच, पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरल्यानंही येते. घाम, धडधड, हात थरथरणं असेल तर त्याच क्षणी ग्लुकोमीटर लावा. ७० च्या खाली असेल तर साखर-पाणी द्या आणि डॉक्टरांना कळवा. या वयात ६.९ आकडा गोळीच्या जोरावर येत असेल, तर तो उत्तम म्हणताना मी दोनदा विचार करीन. वारंवार उतरणारी साखर मेंदूला मानवत नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ तपासा, शाकाहारी घरात तर नक्कीच. थायरॉइडही पाहून घ्या.

एवढं करूनही उदासी दिसली तर तिचे उपचार साखरेच्या उपचारांबरोबरच सुरू व्हायला हवेत. दिल्ली, चेन्नई, बंगळूरु आणि विशाखापट्टणम इथल्या दवाखान्यांत ४०४ रुग्णांवर हे करून पाहिलं आहे. अभ्यास स्मरणशक्तीचा नव्हता. पण दोन्ही आजारांचा एकत्र पाठपुरावा केलेल्यांपैकी दोन वर्षांनी शंभरात ७२ जणांचं नैराश्य निम्म्यानं तरी उतरलं आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांतलं एक तरी सुधारलं. नेहमीच्या उपचारांत हा आकडा ५७ होता. पुढच्या तपासणीला आईबरोबर तुम्ही स्वतः जा आणि डॉक्टरांना तिच्या मनाबद्दल विचारायला लावा.