विडालची पहिली यादी

विहिरीच्या पाळीवर पहिला करडा धोबी शेपूट हलवताना दिसला, की माझे वडील कालनिर्णयाच्या त्या दिवसाच्या चौकोनात पेन्सिलीने ‘परीट’ एवढंच लिहीत. तो हिमालयापलीकडून येतो की कुठून, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. परीट आला, म्हणजे पाऊस आता सरत आला. त्या जुन्या कॅलेंडरांच्या नादाने मी उत्तर समुद्रातल्या हेलिगोलँड बेटापर्यंत पोचलो. तिथून परत आलो तो विडाल या माणसाकडे.

हेलिगोलँडची कथा पक्षीवेड्यांना पाठ असते. हाइन्रिश गेटके हा चित्रकार 1837 साली तिथे गेला, सरकारी चिटणीस झाला आणि मरेपर्यंत तिथेच राहिला. अंधाऱ्या रात्री दीपगृहाच्या उजेडाकडे झेपावणारे थवे तो वर्षानुवर्षं टिपत राहिला. 1891च्या त्याच्या पुस्तकात थापाही आहेत. शंकर पक्षी एका रात्रीत आफ्रिकेहून हेलिगोलँड गाठतो, असं त्याचं ठाम मत! जाणकारांनी ते खोडून काढलं. पण पन्नास वर्षांच्या नोंदी काही खोट्या ठरल्या नाहीत. 1910मध्ये त्याच बेटावर पक्षी-केंद्र उभं राहिलं.

गेटके नोंदी करत होता, तेव्हा हेलिगोलँडही इंग्रजांचं होतं आणि रत्नागिरीही. इथे होता जी. डब्ल्यू. विडाल, आयसीएस. 1880च्या सुमारास ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षी-नियतकालिकाच्या नवव्या खंडात त्याची ‘दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी’ छापून आली. रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरच्या कामातही त्याचा हात होता. पुढे त्याने फुरशावरही लिहिलं. कोकणात राहून फुरशाकडे दुर्लक्ष करणं तसं कोणालाच परवडत नाही म्हणा!

‘पहिली’ हा शब्द मला फार आवडतो. दुसरी करायची उमेद त्यात आहे. पण अशा उमेदीच्या आड बदल्या येतात. आज रत्नागिरी, उद्या कारवार, परवा आणखी कुठे. गेटके शास्त्रात कच्चा, पण जागेवरून हलला नाही. विडाल माझ्या मते त्याच्यापेक्षा कितीतरी काटेकोर, पण पडला नोकरशहा. यादी सांगते की अमुक पक्षी इथे येतो. तो कोणत्या तारखेला आला, किती आले, गेल्या सालापेक्षा उशीर झाला का, हे कळायला रोज त्याच पाळीवर नजर ठेवणारा माणूस लागतो.

‘स्ट्रे फेदर्स’चे संपादक ॲलन ह्यूम, काँग्रेसवाले. देशभरातून आलेल्या टिपणांवर त्यांचा मोठा ग्रंथ व्हायचा होता. 1884च्या हिवाळ्यात सिमल्याच्या घरातले ते कागद नोकराने रद्दीत विकले. पुढच्याच वर्षी ह्यूमनी पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला आणि काँग्रेस काढली. देशाचं भलं झालं असेल, पक्ष्यांचं नाही.

आपल्याकडे हेलिगोलँड शोधायचं तर वेंगुर्ल्याचे खडक. 1981पर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तिथे दीपगृह आहे, सुरयांची वीण होते आणि गुहांत पाकोळ्यांची घरटी आहेत. ती घरटी चोरणाऱ्यांना चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आवर घातला, ते काम मोठंच. पण पाकोळी काही परदेशी पाहुणी नव्हे. खरे पाहुणे वेगळे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. नागालँडमध्ये विसावलेले अमूर ससाणे त्या सुमारास भारत ओलांडून अरबी समुद्रावर झेपावतात आणि न थांबता आफ्रिका गाठतात. 2013मध्ये पाठीवर यंत्र बसवलेल्या तीन ससाण्यांमुळे ही वाट नकाशावर उमटली. कबुतराएवढाही नसलेला पक्षी हा!

वडील करत तेच 2007मध्ये ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने मोठ्या प्रमाणावर मांडलं: त्याने देशभरातल्या हौशी लोकांकडून पाहुण्या पक्ष्यांच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा मागवायला सुरुवात केली. वडिलांच्या कॅलेंडरांपैकी अकरा माझ्याकडे उरली आहेत, बाकीची रद्दीत गेली. तुमच्या माळ्यावर अशी जुनी कॅलेंडरं असतील आणि त्यांत परीट, चातक किंवा आणखी कुठला पक्षी कोणी टिपलेला असेल, तर रद्दीवाला येण्याआधी त्या पानांचे फोटो काढून ठेवा.