खाज अंगावर, मूळ जमिनीवर

पिसूच्या चाव्याने होणारा ॲलर्जिक त्वचादाह हा कुत्र्यांमध्ये नेहमी आढळणारा त्वचाविकार असून, पिसवा अंगावर असणे आणि पिसवांचे वावडे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतल्याखेरीज त्याचे स्वरूप उलगडत नाही. एखादा कुत्रा अंगावर डझनावारी पिसवा वागवत निवांत पडून असतो, तर दुसरा एक-दोन चाव्यांनीच रात्रभर स्वतःचे कातडे ओरबाडत बसतो. कारण रक्त पिताना पिसू जी लाळ त्वचेत सोडते, तिच्यातील प्रथिनांना या दुसऱ्या कुत्र्याची रोगप्रतिकारयंत्रणा शत्रू समजून बसलेली असते. ही प्रतिक्रिया दोन टप्प्यांत होऊ शकते. पहिली तात्काळ, म्हणजे चाव्यानंतर काही मिनिटांत हिस्टामिन नावाचे दाहकारक द्रव्य सुटून येणारी, आणि दुसरी विलंबित, म्हणजे दिवस-दोन दिवसांनी पेशींच्या पातळीवर उमटणारी. त्यामुळे पिसू केव्हाच निघून गेली तरी खाज मागे राहते, आणि मालक खऱ्या मनाने सांगतो की, कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू नाही. त्यातच वावडे असलेला कुत्रा सतत चाटून आणि दातांनी कुरतडून पिसवा गिळून टाकत असल्यामुळे पुरावाच नाहीसा होतो.

विकाराची जागा मात्र बोलकी असते. शेपटीचे मूळ, कंबरेचा पाठीकडील भाग, मांड्यांच्या मागील व आतील बाजू आणि पोट येथे केस गळतात, पुरळ उठते, कातडी पुढे काळसर व जाड होते आणि कधी एका रात्रीत ओली, लाल, दुखरी जखम तयार होते. पिसवांचा माग काढण्यासाठी घरगुती परीक्षा पुरेशी बोलकी आहे. उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी शेपटीच्या मुळाशी उलटसुलट फिरवावी आणि फणीत अडकलेली मिरपुडीसारखी काळी कणी ओल्या पांढऱ्या कापसावर झटकावी. ती नुसती धूळ असेल तर काळीच राहते. पण पिसवांची विष्ठा असेल तर थोड्याच वेळात प्रत्येक कणाभोवती गंजासारखे तांबूस वर्तुळ पसरते, कारण ती विष्ठा म्हणजे अर्धवट पचलेले, वाळलेले रक्तच असते.

खरूज, बुरशी, अन्नाचे वावडे, धूळ व परागकणांचे वावडे यांनीही कुत्र्याला खाज सुटते आणि एकाच कुत्र्यात यांतील दोन कारणे एकत्र नांदू शकतात. त्यांचा निवाडा पशुवैद्यानेच करावा, इतके येथे नोंदवणे पुरे.

खरे कुतूहल आहे ते पिसूचे. कुत्र्यावर जगभर सर्वाधिक सापडणारी पिसू शास्त्रीय वर्गीकरणात मांजराची पिसू म्हणून ओळखली जाते, आणि भारतात तिची एक जवळची पौर्वात्य भावंड-जातीही कुत्र्यांवर विपुल आढळते. मादी रक्त प्यायल्यानंतर दिवस-दीड दिवसात अंडी घालू लागते आणि भरात असताना दिवसाला चाळीसच्या आसपास अंडी देते. ही अंडी मिठाच्या कणांसारखी पांढरी व गुळगुळीत असल्यामुळे केसांत टिकत नाहीत. कुत्रा जिथे अंग टाकतो तिथे ती ओघळून पडतात. मादी दिवसाला स्वतःच्या वजनाच्या सुमारे 15 पट रक्त पिऊ शकते, आणि त्यातील बराचसा भाग नीट न पचवताच बाहेर टाकते. तीच काळी कणी अंड्यांपाठोपाठ खाली पडून पुढे निघणाऱ्या अळ्यांचे अन्न होते. कुत्र्याच्या गोणपाटावर दिसणारे हे मीठ-मिरे म्हणजे आईने अंडी आणि शिदोरी एकाच वाटेने खाली पाठवल्यासारखे आहे.

अळीला प्रकाश आणि कोरडेपणा सोसत नाही, म्हणून ती फरशीच्या फटीत, सतरंजीच्या विणीत किंवा सोफ्याखाली सरकते आणि तिथे चिकट रेशमी कोश विणते, ज्यावर धूळ व केस चिकटून तो आसपासच्या कचऱ्यापासून ओळखूही येत नाही. या कोशातील पूर्ण वाढलेली पिसू घाईने बाहेर पडत नाही. बाहेर उष्णता, दाब, हादरा किंवा श्वासातील कार्बन डायऑक्साइड जाणवेपर्यंत ती काही महिने थांबू शकते. कोकणातील घरे वर्षभर बंद राहून गणपतीला उघडली जातात, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी पाहुण्यांचे घोटे लाल गाठींनी भरतात आणि दोष डासांना दिला जातो. अशाच एका घरातील ओटीवर पांढरे मोजे घालून फेरी मारली असता मोज्यांवर टिपक्यांसारख्या उड्या मारणाऱ्या पिसवा प्रस्तुत लेखकाला मोजता आल्या. घरात त्या हंगामात ना कुत्रा होता ना मांजर, पण सोप्यावर एका भटक्या कुत्रीने पावसाळ्यापूर्वी पिले वाढवली होती.

पिसूचा मुक्काम जमिनीवर असतो, हा धडा मुंबईने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगण्याजोगा आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने कराचीत उंदरावरील पिसू प्लेग वाहते असे प्रयोगाने दाखवले, पण त्यावर अनेकांचा विश्वास बसला नाही. परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेत, म्हणजे 1925 पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूत, ग्लेन लिस्टन आणि त्यानंतर 1905 पासून प्लेग आयोगाच्या शास्त्रज्ञांनी हा प्रश्न धसास लावला. त्यांच्या प्रयोगांत जमिनीपासून दोन फुटांवर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिग वाचला, तर अवघ्या दोन इंचांवर टांगलेल्याला लागण झाली, कारण पिसूची उडी दोन फुटांपर्यंत पोचत नव्हती. ती पिसू उंदराची होती, कुत्र्याची नव्हे. 1903 मध्ये चार्ल्स रॉथशिल्ड यांनी तिला पिरॅमिडवाल्या चेऑप्स राजाचे नाव दिले होते. त्या पिंजऱ्यांनी दिलेला धडा कुत्र्याच्या खाजेलाही तंतोतंत लागू पडतो: शत्रू जनावराच्या अंगावर शोधण्याआधी पायांखाली शोधावा.

उपचाराचे म्हणून तीन पदर आहेत. पहिला, चावे थांबवणे. यासाठी अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर यांसारखी तोंडाने देण्याची औषधे किंवा मानेवर घालण्याचे थेंब पशुवैद्य वजनानुसार ठरवतो. फेफरे येणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ही गोष्ट पशुवैद्याला आधी सांगणे आवश्यक असते. घरातील प्रत्येक कुत्र्या-मांजराला उपचार द्यावे लागतात, मात्र कुत्र्यासाठीचे परमेथ्रिन मांजराला जीवघेणे ठरते. दुसरा पदर खाज शमवण्याचा. थंड किंवा कोमट पाण्याचे स्नान, ओटचे पीठ असलेला सौम्य शाम्पू दहा मिनिटे अंगावर ठेवून धुणे, गळ्यात शंकूसारखी कॉलर घालून चाटणे रोखणे हे घरचे उपाय होत. प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड थोडे दिवस किंवा ओक्लासिटिनिबसारखे खाजेचा संदेश अडवणारे औषध, आणि जखमेत जंतू शिरले असतील तर प्रतिजैविक, हे वैद्याच्या सल्ल्यानेच. हिस्टामिनरोधक गोळ्यांचा उपयोग कुत्र्यांत मर्यादितच दिसतो.

तिसरा पदर सर्वांत दुर्लक्षित, म्हणून येथे त्यावर भर. कुत्र्याचे अंथरूण दर आठवड्याला कढत पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे. फटी, गालिचे, सोफ्याखालची जागा व्हॅक्यूम क्लीनरने साफ करून आतील कचरा लगेच घराबाहेर टाकावा, कारण क्लीनरच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवाही बाहेर येतात. अळ्यांची वाढ रोखणारे पायरीप्रॉक्सिफेनसारखे घटक असलेला फवारा वापरावा. कोशावर कीटकनाशकाचा फारसा परिणाम होत नसल्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत नव्या पिसवा दिसत राहतात, आणि औषध लागू पडले नाही असा गैरसमज होतो.

घरगुती उपचारांविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. तंबाखूचे पाणी, रॉकेल, फिनेल आणि गोठ्यात मारायची पावडर ही कुत्र्याच्या अंगाला विषच आहेत. टी-ट्री तेलही अपायकारक ठरते. कडुनिंबाच्या पाल्याचे पाणी घरोघरी वापरले जाते, पण वावडे असलेल्या कुत्र्यासाठी त्यावर विसंबणे म्हणजे गळक्या छपराखाली घमेले ठेवून समाधान मानण्यासारखे आहे.

पिसू गिळली की तिच्यातून फीतकृमी पोटात जाऊ शकतो, आणि शेपटीखाली भाताच्या शितासारखे तुकडे दिसले तर जंताचे औषधही द्यावे लागते. उपचार किमान तीन महिने चालवावेत, आणि किनारपट्टीच्या दमट हवेत ते वर्षभर ठेवावेत हे अधिक शहाणपणाचे. कुत्रा खाजवायचा थांबला म्हणून औषध थांबवणे ही नेहमीची चूक आहे. ते थांबवण्याचा हिशेब कुत्र्याच्या कातडीवरून नव्हे, तर तो रोज अंग टाकतो त्या कोपऱ्यात दडलेल्या शेवटच्या कोशाच्या मुदतीवरून करायचा असतो.