शितावरून भाताची परीक्षा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्यानें निघालें म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याच्या अलीकडे शिरढोण गांव लागतें. वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजीं येथलाच. देशावरील १८७६-७७ च्या दुष्काळांत रयतेची अन्नान्नदशा पाहून त्यांचें मन पेटलें, हा इतिहास घरोघर ठाऊक आहे. परंतु ‘पीक किती बुडालें?’ हा प्रश्न सरकारदरबारीं कसा सुटे, याचा विचार क्वचितच होतो.

पूर्वीं हा हिशेब नजरअंदाजानें, आण्यांत होई, तीच आणेवारी. सारासूट मिळावी कीं नाहीं, हें त्यावर ठरे. पाहणाराची नजर रस्त्याकडेच्या चांगल्या शेतावरच पडली, तर उपाशी कुळाच्या पदरीं निराशा!

आपल्या घरांतील गृहिणी एक शीत दाबून भात शिजला कीं नाहीं तें सांगतात. पण पातेल्यांतला भात एकाच आधणांत शिजलेला असतो. शिवारांतील भाताचें तसें नाहीं. उतारावरचें निराळें, पाणथळ खाचरांतलें निराळें. मग शीत कोणतें उचलावें?

येथें यदृच्छेचें शास्त्र कामास येतें. कोणत्या वाफ्यास कोणतें खत घालावें हें चिठ्ठीनें ठरविण्याचा परिपाठ इंग्लंडांत रोनाल्ड फिशर यांनीं घालून दिला. सातारा जिल्ह्यांतील बुध येथें १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं लंडनला संख्याशास्त्राचें अध्ययन केलें आणि १९४० नंतर तेंच तत्त्व आपल्या देशांतील पीकमोजणीस लाविलें. प्रथम गांवें, मग शेतें, मग शेतांतील ठरीव मापाचा तुकडा, हें सारें यदृच्छ अंकांनीं निवडावयाचें; तेवढेंच पीक कापून, झोडून तोलावयाचें. तुकडा फार लहान असला तर कडेचीं रोपें आंत ओढलीं जाऊन उत्पन्न फुगतें, हेंही त्यांनीं दाखवून दिलें.

यदृच्छा म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. सोयीचें शेत घेणें ही हलगर्जी. चिठ्ठी नेईल तेथें चिखल तुडवीत जाणें हें शास्त्र. शिवाय अंदाजांत चूक किती असूं शकेल, याचाही हिशेब त्यामुळें मांडतां येतो. १९४८ सालीं प्रसिद्ध झालेली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची ब्रिटनमधील परीक्षा याच तत्त्वावर झाली होती.

आज पीकविम्याची भरपाईही पुष्कळदां अशाच कापणीप्रयोगांवर ठरते. म्हणून गांवीं अशी कापणी असेल त्या दिवशीं घरांतील शिकल्यासवरल्या मुलामुलींनीं बांधावर जाऊन उभें राहावें, आणि तुकडा सोयीनें घेतला कीं चिठ्ठीनें, एवढें अवश्य पाहावें.