सट्ट्याचा वर्षाचा हिशेब

आयपीएल मार्चच्या शेवटी सुरू होते आणि मेअखेरीपर्यंत चालते. यवतमाळ जिल्ह्यात पैशाच्या दृष्टीने हेच दोन महिने सगळ्यात नाजूक. कापूस विकून झालेला, तूर निघालेली, देणी भागवून जे उरलं ते जूनमधल्या बियाण्या-खताचं. राळेगाव असो की दारव्हा, एप्रिलमध्ये शेतकऱ्याच्या घरी जी रक्कम असते, ती कुठे जायची हे आधीच ठरलेलं असतं. नेमकं त्याच वेळी घरातल्या तरुण पोराला कुणीतरी पटवून देतं, की क्रिकेटचा सट्टा म्हणजे नुसतं नशीब नव्हे. डोकं लावून, भांडवल सांभाळून खेळलं तर पगारासारखा पैसा सुटतो.

हा दावा तपासून पाहायला हवा, कारण तो पूर्ण खोटा नाही. शिस्तीने खेळून थोडा नफा काढणारे मूठभर लोक जगात आहेत. पण नफा किती, आणि तो कोणत्या भांडवलावर?

समजा दोन्ही संघ तोडीस तोड आहेत आणि बुकी दोन्हीकडे शंभराला नव्वदचा भाव देतो. जिंकलात तर ९० मिळतात, हरलात तर १०० जातात. निम्मे अंदाज बरोबर आले तरी तोटाच. बरोबरीत सुटायला शंभरातले जवळजवळ ५३ अंदाज खरे ठरावे लागतात. आपला खेळाडू खरोखर हुशार आहे, त्याचे ५५ खरे ठरतात असं धरू. त्याने ५०,००० रुपये बाजूला काढले, दर वेळी त्याचा एक टक्का म्हणजे ५०० रुपयेच लावले, वर्षभरात ३०० वेळा. लावलेली एकूण रक्कम दीड लाख. रुपयामागे सुटतात साडेचार पैसे. वर्षाचा नफा ६,७५०. महिन्याला साडेपाचशेच्या आसपास. तोही सरासरीने. पाचातलं एखादं वर्ष या हुशार माणसालाही तोट्यात जातं. ज्याचे निम्मेच अंदाज खरे ठरतात, त्याचे याच शिस्तीत वर्षाला साडेसात हजार जातात. शिस्तीने तोटा हळू होतो, त्याचा नफा होत नाही.

एका वेळी किती लावावं, याचं सूत्र बेल लॅबमधल्या जॉन केली यांनी १९५६ मध्ये मांडलं. ५५ टक्के अचूक असणाऱ्याला ते भांडवलाचे पाच टक्के लाव म्हणतं. ५२ टक्केवाल्याला एक पैसाही लावू नको म्हणतं. पण आपण ५५ चे की ५२ चे हे कळणार कसं? ३०० बाज्यांत हा फरक १६५ विरुद्ध १५६, म्हणजे नऊ सामन्यांचा. इतका फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. एक चांगला हंगाम गेला म्हणून स्वतःला जाणकार समजणाऱ्याच्या हातात खरं तर कसलाच पुरावा नसतो.

शिस्त मोडते ती हरल्यावर. गेलेलं भरून काढायला रक्कम दुप्पट करायची सवय लागते. ५००, १०००, २०००, ४०००, ८०००, १६०००: सलग सहा वेळा हरलं की ३१,५०० गेले आणि सातव्या वेळी लावायला ३२,००० उरलेलेच नाहीत. निम्मे सामने हरणाऱ्याला ३०० बाज्यांत असे सलग सहा पराभव एकदा तरी गाठण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या घरात आहे.

कापूस पिकवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे सट्टापट्टी म्हणून चालतो तो मटका कापसाच्या भावातूनच निघाला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते आणि बंद भाव मुंबईत तारेने यायचे, त्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मार्ग बंद झाला, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे मुंबईतच काढायला सुरुवात केली. ओपन आणि क्लोज हे शब्द मात्र टिकले. एकेरी आकड्याला साधारण नऊपट मिळतात आणि आकडे असतात दहा. रुपयामागे दहा पैसे मालकाचे. तिथे हुशारीला जागाच नाही.

कायद्याची बाजूही हिशेबातच येते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायदेशीर सट्टा उरला तो मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतीवरचा. तिथे २२ सप्टेंबर २०२५ पासून लावलेल्या पैशावर ४० टक्के जीएसटी आहे. शिवाय जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. हाच नियम वरच्या हुशार खेळाडूला लावला तर १६५ विजयांच्या ७४,२५० रुपयांवर कर होतो २२,२७५. नफा होता ६,७५०.

बुकीकडे कर नाही, पण उधारी आहे, आणि उधारीला कसलं भांडवल! बाजूला काढलेले पन्नास हजार संपले की माणूस थांबतो, हे भांडवल सांभाळण्याच्या सगळ्या सल्ल्यांमागचं गृहीतक. उधारीवर लगवाडी करणारा थांबत नाही. मग पीककर्जाचा हप्ता तिकडे वळतो. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं. मुदत चुकली की ती सवलत जाते. बँकेचं थकलं की पुढच्या हंगामाला सावकाराचं दार.

घरात हे उघडकीला आलं, की घाबरून आधी बुकीचे पैसे भागवले जातात. तसं करू नये. भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैज हा करारच निरर्थक असतो, सट्ट्याची बाकी कुणालाही कोर्टातून वसूल करता येत नाही. आधी पीककर्ज भरावं. बुकी धमकावत असेल तर पोलीस ठाणं गाठावं. पोरगं गप्प गप्प राहत असेल, जेवत-झोपत नसेल, तर त्याला एकटं सोडू नये आणि मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.