सायनाइड वेगळं, आम्ल वेगळं

इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कारखान्यात मुलामा चढवण्याच्या टाक्या एकमेकींना खेटून असतात. एकीत सायनाइडचं द्रावण, दुसरीत क्रोमिक आम्ल. दोन्हींचं धुवण एकाच गटारात गेलं, तर हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू सुटू शकतो. म्हणून पाइपलाइन वेगळी, पिंपंही वेगळी. इथली काटकसर अक्षम्यच.

प्रक्रियाही परस्परविरुद्ध. सायनाइड नष्ट करायला सामू 10च्या वर ठेवून सोडियम हायपोक्लोराइट घालतात. कर्करोगकारक सहा-संयुजी क्रोमियमसाठी मात्र सामू 2-3वर आणून सोडियम बायसल्फाइट घालावं लागतं. त्यातून खूपच कमी विषारी तीन-संयुजी क्रोमियम बनतं आणि चुना टाकला की त्याचा गाळ तळाशी बसतो.

तो गाळही घातक कचराच.

2016च्या केंद्रीय नियमांनुसार तो साधारणपणे 90 दिवसच आवारात ठेवता येतो. पिंपावर चमकदार पिवळं, धुतलं न जाणारं लेबल हवं. ‘घातक कचरा’ हे शब्द लाल रंगात, हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत. यातली स्थानिक भाषेची अट सर्वांत मोलाची, कारण पिंप उचलणाऱ्या कामगाराला ते वाचता आलंच पाहिजे. कचरा नेणारी गाडी निघताना सात प्रतींचं मॅनिफेस्ट, म्हणजे वाहतुकीचं नोंदपत्र, भरतात. पांढरी प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे अशा कचऱ्याची सामाईक केंद्रं आहेत. तिथे गरजेप्रमाणे गाळ सिमेंट किंवा चुन्यात घट्ट करून, जाड प्लास्टिकचं अस्तर लावलेल्या खड्ड्यात पुरतात.