प्रयोग आणि प्रसार

गडचिरोलीच्या 39 खेड्यांत ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्यास शिकविले. त्यायोगे नवजात-मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचे 1999 साली ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले. केंद्र सरकारने ही पद्धत ‘आशा’ सेविकांमार्फत देशभर नेण्याचे ठरविले ते 2011 साली! मधल्या बारा वर्षांची किंमत कोणत्या खाती मांडावयाची?

परंतु निर्णय म्हणजे प्रसार नव्हे. परिपत्रक एकदा काढले की सर्वत्र पोहोचते. प्रशिक्षण व देखरेख मात्र प्रत्येक सेविकेमागे नव्याने उभी करावी लागते. सहा-सात गृहभेटींचे मानधन ठरले अवघे 250 रुपये. यशाची नक्कल करावयाची आणि त्यामागील खर्च टाळावयाचा, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या कसोटीस उतरणारा नाही.